आंबराईवरून जाणारी होडी

सातवीत लग्न झालं आणि शाळा सुटली. देवगडच्या किनाऱ्यावरून मी थेट सातारा जिल्ह्यात, कोयना धरणाच्या पाण्याकाठच्या वाडीत आले. सासरचं जुनं गाव त्या पाण्याखाली गेलेलं. दूध घालायची डेअरी पलीकडच्या काठावर. वल्ही मारत पोचेपर्यंत ऊन चढायचं, दूध नासायचं. म्हणून चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरच्या सुमारास वाडीनं मिळून शिडाची होडी घ्यायचं ठरवलं.

मामंजी म्हणाले, "सूनबाई दर्याकाठची हाय. तीच निवडंल."

बरं वाटलं. पण वडील होड्या बांधायचे, मी नुसती बघायचे. चुकलं तर सगळ्या वाडीचं दूध जाणार, आणि मला जन्मभर ऐकून घ्यावं लागणार.

कुंभार्ली घाट उतरून आम्ही खाडीवर गेलो. वाळूत दोन होड्या उभ्या होत्या. एक उंच डोलकाठीची, खोल पोटाची, नव्या रंगाची. धाकट्या दिरांनी बैल पारखावा तशी तिच्या कुशीवर थाप मारली.

"वैनी, छाती बगा हिची! दुसरी म्हंजे निस्ती बसल्याली म्हस."

दुसरी बुटकी होती. तळ सपाट, डोलकाठी आखूड.

मी मामंजींना विचारलं, "उन्हाळ्यात पाणी उतरलं की खाली काय लागतं?"

"आपली आंबराई. झाडं तोडली, बुंधं तसंच हायती."

"आणि वारं?"

"खिंडीतनं येकदम येतंय. पत्रं उडीवतंय."

"मग म्हसच घेऊ."

खोल पोट बुंध्यांवर अडकलं असतं. उंच शिडानं होडी आडवी झाली असती. होडी ट्रकमध्ये घालून घाट चढलो; दीर तिच्याकडं पाठ करून बसले.

मे महिन्यात दुधाच्या किटल्या भरून निघालो. सगळी वाडी काठावर. सुकाणू माझ्या हातात. "आली आंबराई," मामंजी म्हणाले. बुंध्यांना लागू नये म्हणून मी सुकाणू वर उचललं. वीतभर पाण्याखालून काळे बुंधे एकेक मागं गेले. एकही लागला नाही! सुकाणू पुन्हा खाली सोडलं. तेवढ्यात खिंडीतलं वारं आलं, शीड फुगलं, होडी जराशी कलली आणि सुटली ती थेट पलीकडच्या काठाला.

डेअरीवाल्यानं दूध चाखलं. "ग्वाड हाय. घ्या मापाला."

मामंजींनी पटका नीट केला. "सूनबाई, जाताना सुकाणू मला दाव, कसं धरत्यात."

परतताना डोक्यावरचा पदर कधीच उडालेला, आणि मी सासऱ्यांना ओरडत होते, "डावीकडं, मामंजी, डावीकडं!"