कोठीवाल्याचं चिलखत

चंद्रपुरात तो तांदूळ साठवायच्या पत्र्याच्या कोठ्या बनवतो. नाव विचारायचं राहूनच गेलं. बल्लारपूरच्या किल्ल्याजवळ आमच्या गटाचा जुन्या लढाईचा खेळ होता आणि मला छातीवर घालायला चिलखत हवं होतं, ते मी त्यालाच करायला सांगितलं.

मी घाईत होतो. तो मात्र पत्र्याची एकेक कड मुडपून निवांत ठोकत बसला. ठोकून झालं की मनगटाची आतली बाजू कडेवरून फिरवायचा. म्हणाला, "बोटायले आता काई समजत नाई."

मी वैतागलो. "भाऊ, आतून जाड कापड लावणार आहे मी. मला नाही लागणार."

"तुमाले नाई जी, समोरच्याले लागन," तो म्हणाला. "कोठीत रोज बाईचा हात जाते."

खेळात माझा मित्रच शत्रू झाला होता. तोल जाऊन तो माझ्यावर आदळला, त्याचा हातमोजा निसटला आणि उघडा हात माझ्या गळ्याजवळच्या कडेवरून सर्रकन घसरला. मी वाकून त्याचा हात पाहिला. हातावर साधा ओरखडाही नव्हता. तो हसत उठून तलवार शोधू लागला.

मी ढाल खाली ठेवली आणि माझं मनगट त्या कडेवरून हळूच फिरवलं.

खेळ बघायला जमलेल्या लोकांना वाटलं, मलाच लागलंय.