फुंकू नका वहिनी

माझ्या थोरल्या जाऊबाईंना मी ताई म्हणायचे. कामगार त्यांना तोंडावर वहिनी म्हणायचे, आणि पाठ वळली की ‘फुंकू नका वहिनी’. हे त्यांना माहीत होतं. कुणी गरम चहावर फुंकर मारली की दुसरा हळूच “फुंकू नका” म्हणायचा, सगळे खाली मान घालून हसायचे, आणि ताई आपलं काही ऐकलंच नाही असा चेहरा करून बशी पुढे सरकवायच्या.

मी सून होऊन आले तेव्हा आमचा खुर्च्यांचा कारखाना भरात होता. कारखाना म्हणायचं आपलं. घरामागची लांबट पत्र्याची शेड ती. पुढे करवत आणि रंध्याचं मशीन, मधे लाकूड कातणाऱ्या कातारीबुवांची लेथ, आणि पार मागे घासायचं मशीन. त्यावर पॉलिशपेपरचा रुंद पट्टा गरगरा फिरायचा. मोठे भावजी आणि आमचे हे, दोघं भाऊ मिळून सगळं बघायचे. ताई अंगणात बसून खुर्च्यांच्या बैठकी वेतानं विणायच्या. शेजारी पाण्याची टाकी, टाकीत भिजत घातलेल्या वेताच्या जुड्या आणि वर ओली गोणपाटं. मी आले आणि थोड्याच दिवसांत त्यांनी माझ्या हातात वेत दिला.

“आधी बोटं सोलतील, मग घट्ट होतील,” त्या म्हणाल्या. “तोवर मला शिव्या घालायच्या तर मनात घाल.”

तेव्हा आम्हाला भुशाचं कौतुकच होतं. जाडा भुसा कोंबड्या पाळणारे पोती भरभरून न्यायचे. घासायच्या मशीनची बारीक भुकटी मात्र कुणाला नको असायची. मैद्यासारखी मऊ, आणि बसेल तिथे बसलेली: ह्यांच्या भुवयांत, डब्याच्या झाकणावर, दिव्यांच्या तारांवर. दुपारी पत्र्याच्या फटीतून उन्हाची तिरीप आत आली की ती त्यात तरंगताना इतकी छान दिसायची, की मी विणता विणता हात थांबवून बघत बसायचे.

आठवड्याच्या शेवटी सफाई. कातारीबुवा शिडीवर चढायचे, कॉम्प्रेसरचा पाइप छताखालच्या तुळयांवर धरायचे आणि “सरका रे!” म्हणून कळ दाबायचे. बघता बघता सगळी शेड ढगानं भरायची. आम्ही दारात उभ्या राहून हसायचो. ताई तोंडाला रुमाल बांधून मुद्दाम आत एक फेरी मारायच्या आणि पांढऱ्याफटक होऊन बाहेर यायच्या. “बघून ठेव गं, म्हातारपणी मी अशी दिसणार!” ढग खाली बसला की झाडू फिरायचा आणि झाली सफाई. निम्मी भुकटी पुन्हा वरच जाऊन बसायची, पण वर कोण बघतंय?

ज्या दिवशी ते झालं, त्या दिवशी भावजी एका जुन्या खुर्चीचे पाय घासत होते. दुरुस्तीला आलेली खुर्ची. एका पायात मोडका खिळा राहून गेला होता. पट्टा खिळ्यावर घासला, ठिणगी उडाली आणि मशीनच्या मागे लटकणाऱ्या भुकटीच्या कापडी पिशवीत गेली. पिशवीतून धूर यायला लागला. भावजींनी मशीन बंद केलं आणि पिशवी ओढून काढून दाराकडे धावले. धावताना ती रंध्याच्या कोपऱ्याला अडकून फाटली.

भप्प असा आवाज आला. फार मोठा नव्हता. मी अंगणातून मान वळवली तर भावजी हातांनी तोंड झाकून उभे होते. पण तेवढ्या धक्क्यानं छप्पर हादरलं आणि तुळयांवर वर्षानुवर्षं साठलेली भुकटी एकदम खाली आली. ती जमिनीला टेकायच्या आत दुसरा आवाज झाला. तो मी ऐकला असं म्हणवत नाही. तो छातीवर आदळला. पत्रे वर उचलले गेले, दोन तर शेजारच्या भिंतीपलीकडे जाऊन पडले.

मी जागची हलले नाही. खोटं कशाला सांगू, पायच उचलेनात. ताईंनी मात्र टाकीवरची ओली गोणपाटं ओढली आणि त्या आत गेल्या. धुरात त्या मला दिसेनाशा झाल्या. बाहेर आल्या तेव्हा गोणपाटात गुंडाळलेले भावजी त्यांच्या खांद्यावर होते आणि त्यांच्या स्वतःच्या भुवया जळून गेल्या होत्या. कातारीबुवांनी बाकीच्यांना मागच्या दारानं काढलं. जीव सगळ्यांचे वाचले.

भावजी कितीतरी दिवस इस्पितळात होते. चेहरा सुधारला, हातांची बोटं मात्र पुरती मिटेनात. रंधा धरायला गेले की हातातून निसटायचा. ते खिळ्याला दोष द्यायचे. आमचे हे पिशवीला. ताई दोघांचं ऐकून घ्यायच्या आणि एकच विचारायच्या, “अहो, पण एवढ्याशा खिळ्यानं छप्पर उडतं का?”

याचं उत्तर दिलं अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्यानं. पाहणीला आले होते. पोट सुटलेले, आवाज अगदी मऊ. ताईंनी त्यांना अंगणात गाठलं आणि तोच प्रश्न विचारला. त्यांनी मूठभर भुकटी मागितली, फरशीवर ढीग केला आणि त्यावर पेटती काडी टाकली. ढीग थोडा काळवंडला, बाकी काही नाही. मग मेणबत्ती लावली, आम्हाला मागे सरकवलं आणि लांब नळीतून चिमूटभर भुकटी ज्योतीवर फुंकली. माणसाएवढा जाळ उठला आणि विझला.

“भुकटी तीच,” ते म्हणाले. “ढिगात हवा जात नाही. उडाली की कणाकणाला हवा लागते आणि सगळी एकदम पेटते. पहिला भडका तुमच्या पिशवीचा. छप्पर उडवलं ते दुसऱ्यानं, वर साठलेल्या भुकटीनं.”

“मग किती साठली म्हणजे जास्त?”

“तुळईचा रंग दिसेनासा झाला की जास्त झाली. आणि वहिनी, हे मी करून दाखवलं ते तुम्ही कुणाला करून दाखवू नका.”

ताई त्या दिवशी जेवल्या नाहीत. “आपण त्या ढगाखाली उभं राहून हसत होतो गं,” एवढंच म्हणाल्या.

शेड पुन्हा उभी करायची ठरली तेव्हा घरात वाद झाले. ह्यांना काम लवकर सुरू करायचं होतं. ताईंचं म्हणणं, आधी भुकटीची सोय. शेवटी भावजी आपले न मिटणारे हात मांडीवर ठेवून शांतपणे म्हणाले, “ती म्हणते तसं होऊ दे,” आणि वाद संपला. त्या अधिकाऱ्यांनी एक इंजिनियर गाठून दिला. त्यानं भुकटी ओढून घेणारं यंत्र भिंतीबाहेर मोकळ्या जागेत बसवलं, आतला दाब वाढला तर आपोआप उघडेल असं झाकण त्याला आभाळाकडे ठेवलं, मशीनपासून तिथवर लोखंडी नळ्या टाकल्या आणि घर्षणानं साठणाऱ्या विजेची ठिणगी पडू नये म्हणून त्या तारेनं जमिनीला जोडल्या. तुळयांच्या माथ्यावर उतरत्या फळ्या ठोकल्या, म्हणजे भुकटीला बसायला जागाच नको. पॉलिशच्या तेलाचे बोळे आपसूक तापून पेट घेतात म्हणून त्यांना घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा आला. आणि कॉम्प्रेसरचा पाइप ताईंनी कुलूपबंद केला; कुणी तोंडानं भुकटी उडवली तरी त्या ओरडायच्या, “फुंकू नका!” वर झाडायला आता कारखान्यासाठीच बनवलेला व्हॅक्यूम आणि ओला फडका.

त्या पाइपावरून कातारीबुवा दुखावले. कामावर येईनात. ताई मला घेऊन त्यांच्या घरी गेल्या. जिना अंधारा, खोली लहान आणि खिडकीत त्यांनीच कातलेल्या लाकडी वाट्या मांडलेल्या. बुवा भिंतीकडे तोंड करून बसले होते.

“पाइप माझ्या हातात असायचा,” ते म्हणाले. “भुकटी वर मी चढवली. सरळ म्हणा ना तसं. कुलूप लावून कशाला सांगता?”

“पाइप तुमच्या हातात होता आणि खाली नाचत होते मी,” ताई म्हणाल्या. “मग मला काय म्हणायचं?”

बुवा भिंतीचा पोपडा नखानं खरवडत राहिले.

“त्या दिवशी मागचं दार तुम्ही उघडलं नसतं तर आज मी कुठल्या तोंडानं चार घरांत गेले असते? बुवा, शिडीवर चढणारं माणूस मला तुमच्याइतकं खात्रीचं दुसरं नाही. फक्त हातात पाइप नको, फडका घ्या.”

“फडका!” बुवा वळले. “या वयात मला मोलकरीण करता होय?”

“मी खाली बादली धरते. मी तुमची मोलकरीण.”

बुवांना हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी ते हजर. पुढे तर ते ताईंपेक्षा कडक झाले. तुळईवर बोट फिरवून ते नव्या माणसाच्या नाकासमोर धरायचे आणि विचारायचे, “हे काय, पावडर लावून नटायचंय का?”

त्यानंतरची वर्षं आठवली की मला आधी आवाज आठवतात: करवतीची किंचाळी, लेथची घरघर, आणि सगळं बंद झाल्यावर शिडी सरकवल्याचा खरखराट. रोज संध्याकाळी तुळया पुसल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. मी कुरकुर करायचे, “ताई, काल तर पुसलं.” त्या म्हणायच्या, “काल जेवलीस ना? मग आज का जेवतेस?” भावजी घासायचं काम सोडून लाकूड निवडायला बसले. प्रत्येक जुन्या पायावर लोहचुंबक फिरवायचे आणि सापडलेला खिळा काढून खुशीत ताईंना नेऊन दाखवायचे. दोघं त्या खिळ्याकडे असे बघायचे, जणू मूल पहिलं आलं शाळेत!

एकदा मात्र चुंबकालाही न सापडलेला स्टेनलेस स्टीलचा स्क्रू खुर्चीच्या एका हातात राहिला. ठिणगी नळीतून बाहेरच्या यंत्रात गेली. धाडकन आवाज झाला, झाकण उघडलं आणि जाळ सरळ आभाळाकडे गेला. आत आम्ही सगळे जिथल्या तिथे थिजलो आणि वर बघत राहिलो. तुळया हादरल्या, पण खाली काही आलं नाही. बुवांनी बटणं बंद केली आणि सगळ्यांना अंगणात काढलं. बंब आला, यंत्र थंड केलं. बंबाचे लोक जातात न जातात तोच ताई वेताच्या जुड्यांवर बसल्या आणि हमसून हमसून रडल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच रडताना बघितलं. भावजी आपल्या ताठ बोटांनी त्यांचे केस मागे सारत राहिले.

मग हळूहळू सगळं पांगलं. मुलांनी आपापल्या वाटा धरल्या. बुवा गेले, मागोमाग भावजी. ओळखीतल्या दोन बहिणींनी शेड चालवायला घेतली, त्या खेळणी बनवतात. ताईंनी त्यांना एकेक नळी, एकेक झाकण दाखवलं आणि किल्ल्या दिल्या. नंतर ताई कधी आत गेल्या नाहीत. आम्ही दोघी जावा ओसरीत बसून लोकांच्या खुर्च्या विणायचो. दिसेनासं झालं तरी ताई बोटांनी चाचपून विणायच्या आणि माझं कुठे चुकलं ते मात्र अचूक सांगायच्या.

गेल्या हिवाळ्यात ताई गेल्या. मी अजून विणते. अवघड कोपऱ्यापाशी आले की तोंडातून “ताई, इथे वरून घेऊ की खालून?” निघून जातं. मग जरा थांबते, आणि त्या काय म्हणाल्या असत्या ते आठवून वेत खालून ओढून घेते.