स्वस्तातला माईक
ड्रॉवर उघडला की त्या जुन्या माईकवरच्या विरत चाललेल्या फोमचा रबरी वास येतो आणि ती दुपार आठवते. आईच्या रेसिपींचे व्हिडिओ करायचे म्हणून कॅमेऱ्याला लावायचा माईक घ्यायला गेलो होतो. एक वाजत आलेला, दुकानदाराचा हात शटरवर. "महागातला फक्त समोरचं ऐकतो, स्वस्तातला आजूबाजूचं सगळं. परवडेल तो घ्या." मी स्वस्तातला घेतला. घरी, विश्रांतवाडीला, आईने अळूचं फदफदं केलं, मी शूट केलं आणि हेडफोन लावून ऐकायला बसलो. तिच्या बोलण्यामागे अडकित्त्याने सुपारी कातरल्याचा आवाज येत होता, सावकाश, बाबा कातरायचे तसा. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं आणि अडकित्ता कपाटात कुलपात होता. मी हेडफोन आईकडे दिले. तिने शांतपणे ऐकलं आणि खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाली, "अहो, जरा थांबा ना. रेकॉर्डिंग चालू आहे." दुसऱ्यांदा शूट केलं तेव्हा तो आवाज आला नाही. आता आईही नाही. माईक अजून चालतो, पण स्वयंपाकघरात तो लावून बघायचा मला धीर होत नाही.