आमच्या जाग्यातला फणस

फुकटात झाड काढून देणारं कोणी भेटतं का, हे मी त्या वर्षी अख्ख्या डिचोलीत विचारत फिरले. फणस आमचा, घराच्या उजव्या अंगाला, आणि म्हातारा माणूस भिंतीला टेकतो तसा तो छपराला टेकायला निघालेला. वारा सुटला की एखादी फांदी मोडून कौलारू छपराच्या नळ्यांवर पडायची. त्या नळ्यांखाली आईची खोली. अर्धांगवायूनंतर ती तिथेच जनेलाजवळच्या, म्हणजे खिडकीजवळच्या, खाटेवर असायची. वर कडकड झालं तरी ती मला हाक मारायची नाही, नुसती छताकडे बघत राहायची. मला ते बघवायचं नाही.

मी कारापूरजवळच्या एका प्राथमिक शाळेत मराठी शिकवते. आईची औषधं आणि घर, दोन्ही एकाच पगारात. म्हापशाहून क्रेनवाला कंत्राटदार आला. त्याने झाड बघितलं, घर बघितलं, आणि असा आकडा सांगितला की त्यात मी छप्पर नवं घातलं असतं. पंचायतीत सांगितलं, खाजगी जागेतलं झाड, ते तुमचं तुम्ही बघा. वीजवाले आले, तारेवरच्या फांद्या फुकट छाटून गेले आणि छपरावरच्या तशाच ठेवल्या, कारण छपरातून वीज जात नाही. अग्निशामक दलातला माणूस तर फोनवर फार अदबीने बोलला. "बाई, पडलें काय फोन करात, आमी रोखडेच येतांव." मी त्याचे आभार मानले. दुसरं काय करणार?

शेवटी लाकडाच्या एका व्यापाऱ्याला आणलं. फणसाच्या लाकडाला मागणी असते, लाकूड घ्या आणि झाड काढा, असा माझा हिशेब. त्याने कोयत्याच्या मुठीने खोड ठोकलं, कान लावला आणि मान हलवली. आतून पोकळ. फुकट न्यायलाही परवडणार नाही म्हणाला.

तेव्हा दादा पुढे झाला.

दादा म्हणजे आमचा शेजारी, सख्खा नव्हे, पण सख्ख्यापेक्षा कमी कधी धरला नाही. माझे बाबा सावंतवाडीकडून इकडे खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून आले, आणि हा इथलाच, बाबांच्या ट्रकवर क्लीनर होता. बाबांनी त्याच्या हातात स्टिअरिंग दिलं. आईच्या हातची पेज आणि खारातले आंबे खाऊन तो कामाला जायचा. मला भाऊ नाही, म्हणून शाळेत असल्यापासून मी भाऊबीजेला त्यालाच ओवाळायची. भाटकाराने, म्हणजे जमीनमालकाने, बाबांना घरापुरती जागा दिली तीही याच्यासमोर. कागद कसला, तोंडचा शब्द. "फणस धरून तुमची," असं भाटकार म्हणाला होता. ही गोष्ट मला बाबांनी सांगितलेली नाही. दादानेच सांगितली, एकदा नव्हे, दर खेपेला फणस पिकला की.

"बाय, तूं कित्याक इतली धांवता?" तो म्हणाला. "फणस हांव काडून दितां. माणसां माजीं, परवानगी हांव हाडटां. तुका एक पैसो पडचो ना. लाकूड तेवडें माका."

जे लाकूड व्यापाऱ्याला फुकट नको होतं ते दादाला कशाला हवं होतं, हे मला सुचलं नाही. उलट मला भरून आलं. आईला जाऊन सांगितलं तर तिने चांगला हात कपाळाला लावला आणि म्हणाली, "बापाशीच्या माघारी ह्योच आसा गो आपणाक."

आमच्याकडे मोठं झाड तोडण्याआधी बुंध्याशी नारळ ठेवतात आणि जागेच्या राखणदाराला गाऱ्हाणं घालतात. झाडावर कोण वसत असेल त्याने दुसरीकडे जावं, तोडणाऱ्याला इजा होऊ नये, चूकभूल पोटात घालावी. नारळ ठेवायचा तो ज्याची जागा त्याने. आता आमच्या घरात पुरुष नाही, आणि बाईमाणूस गाऱ्हाणं घालत नाही. मी नारळ आणून ठेवला होता, पण तो हातात घेऊन उभी राहिले तेव्हा दादा हसला आणि नारळासाठी हात पुढे केला.

"हाड हांगा. राखणदार हांगचो आसा, तुमचे सावंतवाडेचो न्हय. तुजी शाळेतली मराठी ताका कळची ना."

सगळे हसले, मीही हसले. लाकूडतोडे होते, वाड्यावरचे, म्हणजे वस्तीतले, चार जाणते होते. आईची खाट मी जनेलाला आणखी लावली होती, तिला दिसावं म्हणून. दादाने पायांतल्या चपला काढल्या, नारळ बुंध्याशी ठेवला आणि हात जोडले.

"हे बा राखणदारा, म्हाराजा. आज आमच्या जाग्यातलें हें झाड आमी मारतांव. कोणाक वायट जांव दिवं नाका, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," जाणते म्हणाले.

आणि मी पण म्हणाले. मोठ्याने म्हणाले. 'आमच्या जाग्यातलें' हे शब्द कानावर पडले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बाबा गेल्यापासून आमच्या जागेला 'आमची' म्हणणारं तिसरं माणूस मला त्या दिवशी मिळालं होतं.

मी शाळेत हे दर वर्षी शिकवते. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा त्यात नसतो, 'आपण' म्हटलं की असतो. मुलं गोंधळतात, कारण इथल्या घरांत दोन्हींना एकच 'आमी'. आमी जेवतांव म्हणजे तुला सोडून की तुला धरून, हे बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ओळखायचं. दादाचं तोंड त्या वेळी झाडाकडे होतं.

काम मात्र त्याने झकास केलं. दोर लावून फांदी फांदी उतरवली, एक नळा फुटला नाही. संध्याकाळी आईच्या खोलीत उजेड आला, आणि ती छताकडे न बघता जनेलातून बाहेर बघत जेवली. मी दादाच्या घरी शिऱ्याचं भांडं पोचवलं. दोन दिवसांनी त्याने जेसीबी आणला, तोही फुकट, आणि बुंधा मुळासकट उपटून जमीन अशी सपाट केली की तिथे कधी झाड होतं हे कोणाला सांगूनही पटू नये. एवढं कशाला, म्हटलं मी. वाळवी लागते म्हणाला.

चतुर्थीच्या आधी एक दिवस शाळेतून आले तर चिऱ्यांचा गडगा, कुंपणाची भिंत, अर्धा उभा. फणसाच्या पलीकडे नव्हे, अलीकडे. आमच्या पायरीपासून एक माणूस जेमतेम जाईल एवढा बोळ ठेवून बाकीची जागा गडग्याच्या त्या बाजूला. रिक्षा याच जागेतून आमच्या पायरीला लागायची. आईला म्हापशाच्या इस्पितळात न्यायचं तर दारातूनच बसवायची आणि दारातच उतरवायची. तिला चालता येत नाही, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. तिला पहिला झटका आला तेव्हा तिला उचलून रिक्षात घालणारा तोच होता.

"दादा, गडगो हय कित्याक?" मी विचारलं.

"शीमेर घालतां."

"शीम फणसापलीकडे. तूच सांगितलेलंस. फणस धरून आमची."

त्याने हातातला चिरा बसवला, थापीने चुना सारखा केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "फणस खंय आसा?"

मला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. हातातली वह्यांची पिशवी मी तिथेच चिऱ्यांवर ठेवली. त्याने ती उचलून आमच्या पायरीवर आणून ठेवली, सवयीने. ती सवयच मला जास्त लागली.

वाड्यावरच्या सगळ्यांत जुन्या जाणत्याकडे गेले. भला माणूस, सोप्यावर बसून सुपारी कातरत होता. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"नारळ कोणें दवरिल्लो?"

"दादान ठेवला. पण नारळ माझा होता."

"नारळ कोणाचो तें विचारलें ना, बाय. दवरिल्लो कोणें? आमच्या जाग्यातलें झाड म्हण गाऱ्हाणें घालें, तें आमी आयकलें. तुवेंय व्हय म्हाराजा म्हळें."

"आमच्या म्हणजे आपल्या," मी म्हटलं. "त्याच्या आणि माझ्या."

जाणत्याने अडकित्ता खाली ठेवला. त्याच्या डोळ्यांत खोटेपणा नव्हता, त्याला मी काय म्हणते तेच कळलं नव्हतं. "आमच्या म्हळ्यार आमच्या," तो म्हणाला. "राखणदारापुडें खोटें कोण सांगता?"

झालं. झाड कोणाचं हे नारळाने ठरलं, आणि ते कुठे होतं हे जेसीबीने. झाड तोडायची परवानगी त्याच्याच नावावर निघाली होती, हे ओघाने आलंच. वकील गाठला. तो म्हणाला, भाटकाराचा शब्द, कागद नाही, दावा उभा राहील, पण वेळ लागेल. दावा चालू आहे. कोर्टाला वेळ आहे, आईला कुठे आहे?

लोक मला अजून म्हणतात, फुकट ते महागातच पडणार, तुला कळायला हवं होतं. त्यांना काय सांगू? मला फुकट काही मिळतंय असं वाटलंच नव्हतं. आईच्या पेजेचं, बाबांच्या ट्रकचं, इतक्या वर्षांच्या ओवाळण्यांचं ते आहे असं वाटलं होतं. परक्याने ही जागा खाल्ली असती तर मी वाड्यावर उभी राहून भांडले असते. याच्याशी भांडायला तोंड उघडलं की 'दादा' हाच शब्द आधी बाहेर येतो.

परवा आईला पुन्हा म्हापशाला न्यायचं होतं. रिक्षा रस्त्यावर उभी. बोळातून आईला न्यायचं म्हणजे कदेलावर, खुर्चीवर, बसवून दोघांनी दोन बाजूंनी उचलायचं, आणि रिक्षावाला एकटाच, त्यात कमरेने अधू. मी पुढून धरलं, त्याने मागून. गडग्याला माझी कोपरं घासत होती. मागून कदेल एकदम हलकं झालं. वळून बघितलं तर दादा. गडग्यावरून उडी मारून आला होता. त्याने कदेलासकट आईला नीट उचललं, बोळातून रस्त्यावर आणलं आणि रिक्षात बसवलं. तिचा लुळा हात मांडीवर सारखा ठेवला, पदर चाकात जाणार नाही असा खोचला. मग रिक्षावाल्याच्या खांद्यावर थाप मारली.

"सवकास व्हर रे. आमची आवय ती."

"आमची न्हय, दादा," मी म्हटलं. "माझी."

 तो रिकामं कदेल उचलून आमच्या दाराकडे निघाला. मी ते त्याच्या हातातून काढून घेतलं, स्वतः बोळातून नेऊन पायरीवर ठेवलं आणि परत आले. तोवर तो गेला होता.

रिक्षात आई माझ्याकडे बघत होती. झटक्यानंतर तिचे शब्द तुटक येतात, वेळ लागतो.

"असा कित्याक बोललंस?" ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "आपला असा आता कोण रवला गो?"

"कोणी नाही," मी म्हटलं, आणि रिक्षावाल्याला निघायला सांगितलं.