लाल दोऱ्याचे कांदे

अगं, अशा लांब काय बसता सगळ्या? या, जवळ सरका. आणि गोणीतला वरवरचा कांदा बघून माल घेता ना, ते आधी सोडा. वर चांगलाच ठेवलेला असतो, एवढं कळू नये का तुम्हाला? आमच्या मॅडम गोणीपाशी वाकायच्या, तोंड दुसरीकडे फिरवायच्या, कोपरापर्यंत हात आत घालायच्या आणि लागेल तो कांदा बाहेर काढायच्या. मग दुकानदाराला म्हणायच्या, "हं, आता बोला."

देवळाली प्रवरेजवळ एका संशोधनाच्या फार्मवर मी मजुरीला होते. मॅडम तिथल्या पीएच.डी.च्या मुलांना संख्याशास्त्र शिकवायच्या. श्रीरामपूरहून रोज एस.टी.ने येणं. गाडी किती वाजता आली ते वहीत टिपायच्या. मी एकदा विचारलं, वेळेवर येते का हो? म्हणाल्या, "सरासरी काढली तर अगदी वेळेवर. एक दिवस वीस मिनिटं आधी, एक दिवस वीस मिनिटं उशिरा. आधी आली की माझी चुकते, उशिरा आली की तास बुडतो."

त्यांना आमच्यात बसून डबा खायला आवडायचं. एका दुपारी मी नव्या सुनेची कागाळी सांगत होते, भाजीत मीठ जास्त घालते म्हणून. मॅडमनी विचारलं, किती वेळा खाल्लीत? दोनदा, मी म्हटलं. त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"दोन भाज्यांवर माणूस ठरवलंत? महिनाभर खा. आणि आधी धरून चाला, की ही चारचौघींसारखीच घालते. फरक असेल तर तो स्वतःहून दिसेल."

महिनाभर खाल्लं. मीठ बरोबर होतं. इतकी वर्षं मीच अळणी करत होते, हे मुलानं तेव्हा तोंड उघडून सांगितलं.

आता वैशालीचं ऐका. पुणतांब्याची पोर, कांद्याच्या नव्या वाणावर पीएच.डी. करत होती. नवा वाण जुन्यापेक्षा खरंच मोठा पोसतो का, एवढंच तिला दाखवायचं होतं. शेजारी शेजारी वाफ्यांच्या जोड्या, एकात नवा, एकात जुना. हा तिचा शेवटचा हंगाम. वडिलांनी बजावलेलं, उन्हाळ्यात पदवी हातात, नाही तर सामान घेऊन घरी.

लागवडीनंतर महिन्यानं ती तापानं पडली. आम्हाला निरोप धाडला, प्रत्येक वाफ्यातल्या कोणत्याही दहा रोपांना लाल दोरा बांधा, त्यांचीच मापं घ्यायचीत. पोरीवर आमचा जीव. नव्या वाणाच्या वाफ्यात आम्ही हुडकून हुडकून तरतरीत रोपं धरली. जुन्याच्या वाफ्यात हाताला येईल त्याला दोरा. पाहुण्याला चांगलंच वाढायचं असतं, तसंच आम्हाला वाटलं.

आकडे असे झकास आले की वैशाली हरखून गेली. काढणीला चार दिवस राहिले असताना मॅडमनी तिची वही पाहिली आणि तडक वाफ्यावर आल्या.

"जुन्यात लहानमोठे सगळे आहेत. नव्यात दहाच्या दहा जुळे भाऊ कसे? मावशी, कसे निवडले?"

मी छाती काढून म्हटलं, "चांगले चांगले बघून."

वैशाली बांधावरच बसली. तीन महिन्यांची मापं गेली. मला वाटलं, आता आमची हजेरी बंद. मॅडम मात्र तिलाच बोलल्या. 'कोणतीही' म्हणजे कशी, हे तू या बायांना सांगितलं होतंस का? मग यांची काय चूक? वही बाजूला ठेव, काढणी अजून बाकी आहे.

दोरे सगळे सोडले. आकडे लिहून कागदाच्या चिठ्ठ्या केल्या, ओळीच्या वेगळ्या, रोपाच्या वेगळ्या. डब्यात घालून हलवायच्या आणि डोळे मिटून मी काढायच्या. नव्या वाफ्यात चिठ्ठीला एक लिंबाएवढा कांदा निघाला. मी हळूच म्हटलं, "ह्यो राहू द्या की. दुसरी काढते."

"त्याचाही नंबर लागलाय, मावशी. तोही याच वाफ्यातला."

मी त्याला दोरा बांधला. 

काढणी झाली, वजनं झाली. नवा वाण पहिल्या वहीइतका मोठा निघाला नाही. पण मोठा निघाला! सगळ्या वाफ्यांतून निघाला. हा फरक नशिबानं पडलेला नाही, हे मॅडमनी दोनदा गणित करून पाहिलं तेव्हाच मान डोलावली.

तोंडी परीक्षेला बाहेरचे साहेब आले. मॅडमनी आम्हा बायांना मागच्या बाकावर बसवलं होतं. तीन महिन्यांची मापं का टाकली, असं साहेबांनी विचारलं. वैशालीनं काही न लपवता सांगितलं आणि माझ्याकडे हात केला. साहेब मला म्हणाले, मग हे दुसऱ्या खेपेचे कांदे तरी तुम्हीच निवडले ना?

मी उठले. "न्हाई साहेब. आमी निवडले तवाच खोटं झालं. माझा जीव नव्या कांद्यावर, मंग हात बी तिकडंच जानार. म्हनून निवडायचं काम चिठ्ठीला दिलं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "मला आणखी काही विचारायचं नाही."

त्या दिवशी आम्ही डॉक्टर वैशालीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी करून अख्ख्या फार्मवरून फिरवलं. वडील पेढे वाटत मागून चालत होते. मॅडम ड्रायव्हरच्या शेजारी, मांडीवर पर्स घट्ट धरून. शेवटची एस.टी. त्यांनी खुशाल जाऊ दिली.

मॅडम निवृत्त होऊन लेकीकडे गेल्या, त्याला दोन वर्षं झाली. फोनवर येते येते म्हणतात. यंदा तोच वाण माझ्या स्वतःच्या दहा गुंठ्यांत उभा आहे, गावात आणखी चौघींनी लावलाय. मॅडम, हे तुमच्या कानावर आलं तर ऐका. पात पडायला लागलीय, कांदा तयार होत आला. काढणीच्या आत या, सुनेच्या हातची भाजी खायला या.