मी मारलेली लाल रेघ

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून इथं लिहिते.

मी नेरजवळच्या शाळेत खेळाची शिक्षिका. इतिहासाचे सर रिटायर झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही, म्हणून दोन वर्षांपासून दहावीला इतिहासही मीच शिकवते. यंदा बोर्डानं पेपर तपासायला इतिहासाचे शिक्षक मागवले. आमचे मुख्याध्यापक म्हणाले, "नाव तं द्याच लागते मॅडम. तुमचंच पाठवलं. काही नाही होत, पुस्तक वाचून जा."

आज यवतमाळला परीक्षकांची बैठक होती. सरावाला सगळ्यांना जुन्या पेपरातलं एकच उत्तर तपासायला दिलं. इंग्रजांच्या काळात वऱ्हाडातला कापूस एकदम महाग का झाला? एका मुलीनं लिहिलं होतं, अमेरिकेत युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला, म्हणून इंग्रज इथला घेऊ लागले. मी त्यावर लाल रेघ मारली. अमेरिकेचा इथं काय संबंध?

मुख्य परीक्षक बाई माझा कागद पाहून हळूच म्हणाल्या, "ताई, हेच तर उत्तर आहे."

माझे सासरे कापूस विकून आले की दरवेळी म्हणतात, "आपल्या कापसाचा भाव तिकडं अमेरिकेत ठरते." घरात ऐकते, तरी रेघ मारली!

खरी धडकी पुढेच भरली. यंदाच्या पेपरातही हाच प्रश्न होता. मी वर्गात शिकवलं होतं, रेल्वे आली म्हणून भाव वाढला. माझी गुणी पोरं तेच लिहून आली असतील.

त्यांचे गठ्ठे ज्याच्या टेबलावर असतील, त्याला इतिहास येत असावा अशी प्रार्थना करू, की येत नसावा अशी?