लेमूरकाकांची पहिली पंगत

लेमूरकाका पार्सिपनीतल्या घराच्या डेकवर रोज सकाळी मांडी घालून, दोन्ही तळहात गुडघ्यांवर उताणे ठेवून, पोट उन्हाकडे करून बसत. शेजारच्या अमेरिकन बाईंना ते योगासन वाटे. "योग कसला? लेमूर असेच बसतात. रात्रभराचा गारठा असा घालवतात," काका म्हणत. पोट मात्र दहा लेमूरांचं होतं.

निवृत्त झाल्यावर ते झूमध्ये स्वयंसेवक झाले आणि आमचे कान त्यांच्या ताब्यात गेले. लेमूर रानात फक्त मादागास्करलाच सापडतात, हे मी किमान पन्नास वेळा ऐकलं. नरांची भांडणंही ऐकली: मनगटाचा वास शेपटीला चोळायचा आणि ती समोरच्याच्या नाकापुढे हलवायची. "आपल्या मंडळाची मीटिंगच!" काका खूश.

मंडळाच्या गणपतीचं जेवण माझ्याकडे असे. बुफे असला तरी आम्ही पंगतच म्हणतो. आधी पुरुष आणि मुलं, शेवटी वाढून दमलेल्या बायका. एका वर्षी भाताच्या पातेल्यापाशीच काकू घामाघूम होऊन खाली बसल्या. डायबिटीसची गोळी सकाळीच घेतलेली, अडीच वाजलेले, पोटात काही नाही. ज्यूस पिऊन सावरल्या आणि पहिलं वाक्य काय? "ह्यांना सांगू नकोस हं, वंदना." काका मागेच उभे होते.

पुढच्या वर्षी काका गळ्यात झूचं ओळखपत्र अडकवून रांगेच्या तोंडाशी उभे राहिले. "लेमूरांत आधी मादी खाते. नर थांबतो. मध्ये घुसला तर थोबाडीत खातो."

"काका, आपण काय लेमूर आहोत का?" कुणीतरी ओरडलं.

"नाही ना. त्यांना शिस्त असते."

पुरुष हसले आणि हसता हसता मागे सरकले. मी काकूंच्या हातातला डाव काढून घेतला, ताट दिलं. आजाराचं नाव काकांनी काढलं नाही. काढलं असतं, तर काकू हट्टाने शेवटीच जेवल्या असत्या.

गेल्या वर्षी दोघं मुलाकडे रेडमंडला गेली. "नर मोठा झाला की कळप बदलतो," काका निघताना म्हणाले. तिथे सदा पाऊस. पोट कुठे शेकतात कोण जाणे.

यंदा इथे आम्ही बायका कुणी न सांगता आधी जेवलो. ते कळवायला मी फोन केला. "तुमच्याकडे काय?"

"मंडळ नवं, पुरुष तेच. लेमूरचा फोटो घेऊन रांगेपुढे उभा आहे."

"आणि काकू?"

काकांनी फोन तिकडे धरला.

"थांब गं वंदना," काकू कशाबशा म्हणाल्या, "तोंडात घास आहे."